पहिली वीस काडतुसं

सॅमन, आयडाहो
१७ सप्टेंबर १९६१

इंगा आत्या,

तुझं पत्र जूनमध्ये आलं होतं. आज सप्टेंबरची सतरा. मधल्या काळात मला काहीही झालेलं नव्हतं, नुसता टाळत होतो. तीनदा बसलो लिहायला. पहिल्यांदा पेन्सिल सापडेना. दुसऱ्यांदा पेन्सिल सापडली तर कागदावर डेलने तंबाखू थुंकायचा डबा ठेवलेला. तिसऱ्यांदा कागद, पेन्सिल, वेळ, सगळं होतं, पण खिडकीतून एक माणूस भुसा भरलेला कोल्हा खांद्यावर टाकून जाताना दिसला आणि मी त्याच्यामागे गेलो. कोल्हा त्याने नदीकाठच्या बाईला विकला. तिने तो चर्चच्या लॉटरीला दिला. मी दोन तिकिटं घेतली, कोल्हा लागला नाही, संध्याकाळ झाली.

एप्रिलभर वायोमिंगला मेंढ्यांची बाळंतपणं केली. त्या कामाचं वर्णन करत नाही, तू जेवत असशील. मग चेरी तोडल्या, आणि आता इथे करवतीच्या गिरणीत ओल्या फळ्या ओढतो. राहायला गिरणीचीच खोली. इथला आचारी मांसाच्या रश्श्याची अशी खळ करतो की तिने भिंतीला कागद चिकटवावा. परवा त्यात बोटाला गुंडाळायच्या पट्टीचा तुकडा निघाला. पट्टी कोणाची हे विचारायला कोणी मान वर केली नाही, आणि मीही तो तुकडा ताटाच्या कडेला सरकवून पुढे खाल्लं. माणूस किती लवकर घसरतो बघ.

डेल रास्को माझ्या खोलीतला. पंचेचाळिशीचा, आणि जगातली एकही गोष्ट अशी नाही जी त्याला येत नाही. दोन पिंपांवर फळी टाकून तो काडतुसं भरतो. एका हाताशी टिकल्यांची ताटली, दुसऱ्या हाताशी तो थुंकायचा डबा, शेजारी कॉफी. एकदा त्याने कॉफी म्हणून डबा उचलला. मी बघत होतो. सांगितलं नाही. इथे करमणूक तेवढीच आहे.

त्याचं बघून मीही एका वारलेल्या माणसाच्या घरच्या विक्रीत काडतुसं भरायची जुनी प्रेस घेतली. बरोबर बादलीभर रिकाम्या पितळी पुंगळ्या मिळाल्या. बादलीत उंदराचं घर, घरात उंदीर, आणि उंदीर बहुधा मालकाच्या आधी वारलेला. डेल म्हणतो, यात शिकायचं काय? उडालेली पुंगळी घे, साच्यात घालून सरळ कर, बुडाला नवी टिकली, पोटात बारूद, तोंडात गोळी, झालं काडतूस. पुस्तकं काय, वकिलांच्या पोटासाठी छापतात. काटा सोनारांनी वापरावा.

मी अजून काही भरलेलं नाही. विचार चालू आहे. तू चाळीस वर्षं भरतेस, तर नवशिक्याने काय काय बघावं ते सावकाशीने कळव. बाबांना विचारलं असतं, पण आम्ही दोघं समोरासमोर म्हणजे कुंपणाचे दोन खांब, मध्ये काटेरी तार. गेल्या वेळी म्हणाले, आर्लोने आयुष्यात एकच गोष्ट पुरती केली, ती म्हणजे जेवण.

आणखी एक, सहज. बाबा दुसऱ्याने भरलेली काडतुसं वापरतात का गं?

तुझा भाचा
आर्लो


डिलनजवळ, माँटाना
२६ सप्टेंबर

गाढवा,

तुझं पत्र वाचून मी हात धुतले. थट्टा नाही, साबण लावून धुतले. जूनमध्ये मी लिहिलं होतं की घोड्यावरून पडून कंबर मोडली आणि मी प्लास्टरमध्ये आहे. त्याबद्दल एक अक्षर नाही. भुसा भरलेल्या कोल्ह्याबद्दल सात ओळी.

विचारलंस म्हणून सांगते. आधी ते थुंकायचं डबडं फेक, मग डेलला फेक. तोंडात विडी नाहीतर गालात तंबाखू घेऊन जो माणूस बारुदाशी बसतो, त्याच्याकडून मी अंडं उकडायलाही शिकणार नाही. उंदराने मुतलेल्या पुंगळ्याही टाकून दे. मुताने पितळ आतून सडतं, वरून चकचकीत दिसलं तरी. चिरेल ती तुझ्या गालापासून चार बोटांवर.

चांगल्या पुंगळ्या पुसून घे, मग वंगण. बोटाला लागलंय की नाही अशी शंका यावी इतकंच. कमी पडलं तर पुंगळी साच्यात अशी अडकते की साचा करवतीने कापावासा वाटतो. पहिल्या वर्षी प्रत्येकाची अडकते. तुझ्या बापाची अडकली तेव्हा तो चौदा वर्षांचा होता आणि दोन दिवस कोणाशी बोलला नाही. जास्त झालं तर पुंगळीच्या खांद्याला खळगा पडतो. मग माणूस प्रेसला शिव्या देतो. प्रेसचा दोष कधीच नसतो, हे आत्ताच लिहून ठेव.

आता बारूद. इथे तोंड बंद ठेवून वाच. फळीवर एका वेळी एकच डबा. दुसरा डबा त्या खोलीतच नको. प्रत्येक माप काट्यावर तोलायचं. कोण सोनार म्हणेल तर म्हणू दे, सोनाराला दोन्ही डोळे असतात. आणि ज्या मापाच्या नळकांड्यातून बारूद खाली पुंगळीत सोडतात, त्यात ते ठेवून कधी, कधीही उठायचं नाही. गाय व्यायला लागू दे, घर पेटू दे, आधी नळकांडं रिकामं करून ब्रशने झाडायचं. माझा क्लेम तर नळकांड्यात आपल्या अक्षरात चिठ्ठी घालायचा, आत काय आहे त्याची. दुसऱ्याच्या मापाला हात लावायची वेळ आलीच तर आतलं पांढऱ्या कागदावर ओतून उन्हात बघ. पिस्तुलाचं बारूद भपकन जळतं, रायफलचं सावकाश. दोन जावा एका चुलीवर नांदतील एक वेळ, पण ही दोन एका पोटात नकोत, बंदूक तोंडावर फुटते.

भरताना बोलायचं नाही. या एका कारणासाठी तुला हा नाद नको, हे माझं खरं मत.

तुझा बाप पंधराव्या वर्षापासून फक्त स्वतः भरलेलं उडवतो. माझंसुद्धा नाही. त्यात अपमान नसतो, आपल्या लोकांची रीत आहे. दुसऱ्याचं काडतूस आणि दुसऱ्याचा दात घासायचा ब्रश सारखाच. तसंच माणूस मेला की त्याची भरलेली काडतुसं कोणी वापरत नाही. त्यांत काय आहे हे विचारायला तो नसतो ना. ती फोडून टाकतात.

मला ही रीत ठाऊक होती. पण ऐक. क्लेम गेला तेव्हा कपाटात त्याची खोकीच्या खोकी होती, सगळ्यांवर त्याचं तिरकं अक्षर. दफनाला तीन दिवस झाले नव्हते. मी कोंबड्यांना दाणे टाकून आत आले तर तुझा बाप, हॅल्वर, माझ्या जेवणाच्या टेबलाशी बसून हातोड्याने एकेक गोळी उपटतोय. गोळ्या एका बरणीत, बारूद एका बरणीत. क्लेमने एकेक दाणा तोलून घातलेलं ते. मी म्हटलं, काय चाललंय? तर मान वर न करता म्हणतो, "कोणीतरी करायलाच हवं होतं." अगदी बरोबर बोलला. पण त्याचा हात धजला तरी कसा? मला अशी शिसारी आली की मी दार दाखवलं. त्याला नऊ वर्षं झाली. तो हातोडा इथेच विसरून गेला, माझ्या खणात पडलाय.

आणि हे सहज म्हणून का विचारलंस? तू आणि सहज?

इंगा आत्या


सॅमन
९ ऑक्टोबर

इंगा आत्या,

तुझं पत्र मिळून दहा दिवस झाले. या वेळी पेन्सिलीचा दोष नाही. मी तुला खोटं लिहिलं होतं.

मी भरली होती. ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी, एका बैठकीत साठ. डेलच्या मापाने, माझ्या प्रेसवर. पुंगळ्या मात्र नव्या होत्या, उंदराच्या नव्हे, तेवढं शहाणपण होतं. त्यातली पहिली वीस मी बाबांसाठी बाजूला काढली. पहिलं पीक देवाला, तसं. लाल खोक्यात घातली, वर गवताच्या भाऱ्याची नारिंगी दोरी बांधली, आणि तीही बाबांच्याच गाठीने. ती गाठ त्यांनी मला सहा वर्षांचा असताना शिकवली. खोटं टोक ओढलं की आणखी आवळते, खरं ओढलं की झटकन सुटते. त्यांनी मला न ओरडता शिकवलेली ती एकच गोष्ट. खोकं ओंडक्यांच्या ट्रकवाल्याबरोबर घाटापलीकडे पाठवलं. चिठ्ठीत लिहिलं, मी भरलीत, हंगामासाठी.

पंधरा दिवसांनी कार्ड आलं. उतरवून देतो. "मिळालं. पहिल्या दिवशी हीच वापरीन. हॅल्वर." आपल्या पोराला कोणी हॅल्वर म्हणून सही करतं का? पण आत्या, वापरीन! तुझी नाही वापरली, कोणाचीच नाही, आणि माझी वापरणार. कार्ड मी टोपीच्या आत ठेवलंय. फळ्या ओढताना डोक्याला टोचतं, बरं वाटतं. डेलला दाखवलं तर म्हणाला, "म्हणजे तुझा बाप लिहायला शिकलेला आहे?" त्याच्या तोंडातून तंबाखूचा ओघळ हनुवटीवर आला होता आणि तो त्याने बाहीला पुसला. त्याच बाहीने मग आरसा पुसला.

तर तू उगाच घाबरवतेस असं मला वाटतं. तुझ्या समाधानासाठी आत्ताच दाखवतो. नळकांड्यात त्या दिवसाचं उरलेलं बारूद अजून तसंच आहे. हो, माहीत आहे, शिव्या नंतर दे. पांढरा कागद हाच, या पत्राची पाठ. ओततो.

१० ऑक्टोबर

ओतलं.

काळ्या बारीक काड्या, त्या माझ्या, रायफलच्या. आणि त्यांच्यात राखाडी चपट्या चकत्या. थोड्या, पण आहेत. कागद खिडकीपाशी नेला, दारापाशी नेला, अंगणात नेला. सगळीकडे आहेत.

डेलला हलवून उठवलं. तो म्हणाला, "हां, आदल्या दिवशी मी पिस्तुलाची भरत होतो. राहिलं असेल तळाला थोडं." थोडं! मग पचकन थुंकला आणि म्हणाला, "तू बघायचं होतंस ना." आणि हेच खरं आहे, त्यामुळेच त्याच्या तोंडून ते ऐकवेना.

त्याचं खाली होतं आणि माझं मी वरून ओतलं. म्हणजे सगळ्यात आधी खाली आलं ते त्याचं. माझ्याजवळच्या चाळिसांतली पाचसहा फोडून बघितली. त्यांत चकत्या जवळजवळ नाहीत. म्हणजे त्या कशात गेल्या ते मला कळलं. पहिल्या विसांत. एकही तोललं नव्हतं. स्वतःच्या हाताची किळस येते हे मला माहीत नव्हतं. बोटांना अजून त्या बारुदाचा वास आहे, धुतले तरी.

आता तुला एक विचारतो, रागावू नकोस. बाबांच्या रायफलला चालतात तसली काडतुसं तुझ्याकडे असतील. त्यांच्या घराचं मागचं दार कधी बंद नसतं. तू कोणाला तरी पाठवून खोकं बदलून टाकलंस तर? लाल खोकं कुठेही मिळतं, दोरीही. त्यांना कळणार नाही. ते तुझी उडवतील, माझी समजून, आणि सगळं नीट होईल. मी सांगितलं तर ते चिडणार नाहीत, ते नुसतं म्हणतील, "वाटलंच होतं." हे दोन शब्द मी जन्मभर ऐकतोय. एकदा, एकदाच त्यांनी मला वापरीन म्हटलंय.

आर्लो


तार
डिलन, १३ ऑक्टोबर

खोकं बदलणार नाही. तू स्वतः जा. आज जा. इंगा


डिलनजवळ
१३ ऑक्टोबर

आर्लो,

तारेत मावलं नाही ते इथे.

नळकांड्यात झालं ती चूक. नवशिक्याच्या हातून होते. माझ्या हातून झालीय, चौतीस साली, बंदुकीचा दस्ता माझ्या गालात घुसला आणि डाव्या कानात अजून घंटा वाजते. म्हणून तुला मापाबद्दल एवढं लिहिलं. चुकीची मला किळस नाही. पण खोकं गुपचूप बदल म्हणून कंबर मोडलेल्या आत्याला लिहिणं, ती चूक नव्हे, ती घाण. डेलच्या डब्यात बरी असते तसली. क्लेमच्या मांडीवर वाढलेल्या पोराच्या अक्षरात ती ओळ वाचून मी पत्र उचलून दाराबाहेर ठेवलं. दुपारी पुन्हा आत आणलं, कारण तुझा पत्ता त्यावर होता.

म्हणे त्यांना कळणार नाही. अरे, तो मेला तरच त्याला कळणार नाही.

मी तुझ्या बापाच्या गावी, विस्डमच्या दुकानात फोन केला. दुकानदारीणबाई म्हणाल्या, हॅल्वर दहा तारखेलाच खेचरं घेऊन वर शिकारीच्या तंबूवर गेला. तिथे फोन नाही. वर जाणारा कोणी भेटला तर निरोप द्या म्हटलंय, पण निरोप म्हणजे निरोप. तुझा बाप परक्याच्या तोंडचं ऐकत नाही. "कोणाच्या तरी चुलतभावाने सांगितलं की कोणीतरी म्हणालं काडतुसात काहीतरी आहे" असं त्याच्यापर्यंत पोचणार आणि तो म्हणणार, बरं. हंगाम बावीसला उघडतो. त्याआधी तो रायफलचा नेम साधायला दोनचार बार काढणारच. आणि हीच वापरीन म्हणालाय तर हीच वापरणार. हॅल्वरने दिलेला शब्द मोडलेला मी बघितलेला नाही, तीच तर भीती आहे.

मला घोड्यावर बसता येत असतं तर, नऊ वर्षं गेली खड्ड्यात, मीच गेले असते. मी या खुर्चीतून संडासापर्यंत जाते ती दोन काठ्यांवर. तेव्हा तू जा आणि तोंडाने सांग. वाटलंच होतं म्हणेल. म्हणू दे. ते ऐकायला तो जिवंत असू दे आणि तू समोर अस.

इंगा


विस्डम, माँटाना
१८ ऑक्टोबर

इंगा आत्या,

तार मिळाली तशीच निघालो असं लिहायला मला आवडलं असतं. दोन दिवस गेले. मुकादम सुट्टी देत नव्हता हे कारण मी तयार केलं होतं. खरं म्हणजे मी मुकादमाला विचारलंच नव्हतं. दोन दिवस फळ्या ओढल्या आणि प्रत्येक फळीला म्हटलं, ही झाली की निघतो. मग सोळाला दुपारी मधूनच हातमोजे काढून ठेवले आणि चालू लागलो. डेल ओरडला, "परत आलास तर तुझी खाट मी विकलेली असेल." परत जाणार नाहीये, त्याला विकू दे.

घाटापर्यंत ट्रक मिळाला. तिथून एका पाद्र्याने घेतलं, त्याच्या मांजराला गाडी लागत होती, ती गोष्ट पुन्हा कधी. काल दुपारी चालत तंबूवर पोचलो.

तिथे फिन्ली एकटा. वीस वर्षं बाबांबरोबर तंबूत राहून त्यांच्याशी बोलतो असा तो एकच माणूस. चुलीवर घेवड्याची कढई, तिच्यावर दोरीला चार जणांचे मोजे वाळत घातलेले, आणि त्यांचं पाणी टपटप कढईत. मला म्हणाला, "बस, खा." मी म्हटलं, बाबा कुठेत?

"तुझा बाप? आज सकाळीच खाली उतरून गाडी घेऊन गेला."

"कुठे?"

"सांगून गेला तर तो हॅल्वर कसला?"

"बरोबर काय नेलं?"

"रायफल नेली. आणि ते लाल खोकं." मग फिन्लीने मोजा उलटा केला आणि म्हणाला, "तंबू ठोकल्यापासून ते खोकं चुलीवरच्या फळीवर होतं. रोज संध्याकाळी खाली घ्यायचा, बघायचा, परत वर ठेवायचा. मी म्हटलं शेवटी, हॅल्वर, अंडी उबवतोयस का?"

"मग?"

"मग काय, दुसऱ्या दिवशी भांडी न घासता गेला."

मग मी फिन्लीला सांगितलं. सगळं. डेलचं, नळकांड्याचं, तोललं नव्हतं ते, आणि खोकं बदलायचं तुला लिहिलं होतं तेही. तो ऐकत होता तोवर चमचा हातात होता. मी संपवलं तेव्हा त्याने आपलं ताट माझ्यापासून हातभर लांब सरकवलं. मुद्दाम नाही, आपोआप गेला त्याचा हात. मग म्हणाला, "कधी मला काही भेट द्यावीशी वाटली ना, तर विकतचं आण."

पिठाचं रिकामं पोतं फाडून त्यावर कोळशाने लिहिलं आणि तंबूच्या खांबाला ठोकलं. "बाबा, लाल खोक्यातलं एकही उडवू नका. बारूद चुकीचं आहे. चूक माझी आहे. आर्लो." खाली उतरून दुकानदारीणबाईंना सांगितलं, त्यांनी दारावर तसंच लिहून लावलं. शिकारीचं बघणाऱ्या अधिकाऱ्याला सांगितलं, तर त्याने मला वरपासून खालपर्यंत असं पाहिलं जसं मी पुंगळ्यांच्या बादलीतला उंदीर. तीन ठिकाणच्या गोठ्यांवर जाऊन सांगितलं. आता या खोऱ्यात माझं नाव कुत्र्यांनासुद्धा ठाऊक आहे. सांगायला लागल्यावर पहिले दोन वेळा अवघड गेलं, मग नाही. सांगून झालं की माणसं एवढंच विचारतात, हॅल्वर कुठाय? त्यांना माझ्याबद्दल काही विचारायचंच नसतं. मी उगाच एवढा स्वतःला जपत होतो.

लोक रायफली साधतायत. खोऱ्याच्या या टोकाला, त्या टोकाला बार निघतात. प्रत्येक आवाजाला मी उभा राहतो आणि पुढचा होईपर्यंत बसत नाही. दुसरा बार झाला की बरं वाटतं, म्हणजे पहिल्यानंतर तो माणूस उभा आहे. ज्याच्यानंतर दुसरा होत नाही त्या दिशेला मी चालायला लागतो.

टपालगाडी दुपारी निघते, उद्या तुला मिळेल. बाबा कुठे जाऊ शकतील तुला सुचलं तर दुकानाच्या पत्त्यावर लिही. मी रात्री इथे मागच्या पडवीत झोपतो.

कार्ड अजून टोपीत आहे. फेकवत नाही आणि बघवतही नाही.

तुझी कंबर कशी आहे? हे पहिल्या पत्रात विचारायला हवं होतं.

आर्लो


डिलनजवळ
१९ ऑक्टोबर

आर्लो,

पत्र बाराच्या टपालाने आलं. कंबर आहे तिथे आहे. उशिरा विचारलंस, पण कोल्ह्याच्या नंतर का होईना नंबर लागला.

दोन दिवस फळ्या ओढत बसलास त्याबद्दल मी तुला काही म्हणणार नाही. म्हणजे या पत्रात म्हणणार नाही. मला ते गिळायला अजून थोडा वेळ लागेल, औषधाच्या तेलासारखं वर येतंय. पण पोत्यावर नाव घालून लिहिलंस, ते बरं केलंस. खरं सांगते, माझी अपेक्षा नव्हती. मला वाटलं होतं तू "कोणाची तरी चूक" असं काहीतरी लिहिशील.

कुठे गेला असेल याचा दुपारपासून विचार करतेय. फोनवर सगळ्यांना विचारून झालं. आमच्या फोनच्या सामाईक तारेवर अर्धा तालुका कान लावून असतो, आज पहिल्यांदा त्याचा उपयोग झाला, मी विचारायच्या आधीच बायका मधून सांगत होत्या, आमच्याकडे नाही हो, आमच्याकडेही नाही. नदीच्या वळणावर आमच्या बापाची जुनी झोपडी आहे, लहानपणी हॅल्वरचं काही बिनसलं की तो तिथे जाऊन बसायचा. तिचं छप्पर पडलंय, पण तू बघून ये. दुसरं म्हणजे पश्चिमेचा चुनखडीचा उतार, तिथे तो रायफल साधतो. तिथे आधी जा. तिथे आधी जा आणि हाका मारत जा, लपत जाऊ नकोस.

इथे येणार नाही. इथे यायचं त्याला कारणच काय? शेवटचं मी त्याला म्हटलं होतं की क्लेमचा एक दाणा तरी पुन्हा माझ्या टेबलावर ठेवून दाखव, मग ये. ते मी आजही

थांब, कुत्रं भुंकतंय.

दुधाची गाडी नाही. खुर्ची खिडकीशी ढकलली आणि तिथूनच लिहितेय, अक्षर लागलं तर वाच. अंगणात पिकअप उभी आहे, हिरवी, डाव्या दाराला पोचा. गाडीतला माणूस बराच वेळ उतरला नाही. आता उतरलाय. दाढी वाढलीय, पाठीला गवत चिकटलंय, गाडीतच झोपलेला दिसतो. मी आधी बोटं मोजली. दहा. डोळे दोन.

खोकं छातीशी धरलंय, कोंबडीचं पिल्लू धरावं तसं. त्यावरची नारिंगी दोरी इथून दिसतेय, आर्लो, गाठ जशीच्या तशी आहे.

पायरीपाशी येऊन थांबला. वर येत नाही. टोपी काढलीय आणि खिडकीकडे बघून बोलतोय, नऊ वर्षांनी, ना नमस्कार ना चमत्कार.

"इंगा, पोराने स्वतः भरून दिलीत. मी वापरीन म्हणून लिहून बसलोय. दुसऱ्याची कधी उडवली नाहीत, म्हणून फोडायला बसलो." मग म्हणाला, "माझा हात धजत नाही गं."

मी काठ्या शोधतेय. तुझा बाप माझ्या दाराशी आलाय.